टर्बोचं मिनिट

चिपळूणहून निघताना बाबांनी आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. चारही टायरांना बुटाच्या टोकाने हलकेच ठोकलं, काचेवर पडलेलं आंब्याचं पान उचलून बाजूला टाकलं, मग दार उघडलं. ही गाडी स्वतःच्या टायरमधली हवा स्वतः मोजते आणि आकडा समोरच्या पडद्यावर दाखवते, हे त्यांना सहा वर्षांपासून माहीत होतं.

"आकडा दिसतोय ना, बाबा," मी म्हणाले.

"आकडा दिसतो. टायर दिसत नाही."

फेब्रुवारीतला रविवार होता. आतेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा आटोपून आम्ही तिघं कराडला परत निघालो होतो. बाबा चालवत होते, मी त्यांच्या डावीकडे आणि आई मागे. जागा ठरलेल्या होत्या. लहानपणी मला गाडी लागायची, म्हणून पुढची डावी सीट माझी झाली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती माझीच होती. मागच्या सीटवर आईचा संसार मांडलेला असे: आवळासुपारीची डबी, पाण्याची बाटली, दोन नॅपकिन आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी. ती पिशवी माझ्यासाठी होती. वयाच्या दहाव्या वर्षानंतर मला ती लागली नव्हती, पण आईने ती ठेवायचं सोडलं नाही.

कुंभार्लीचा घाट सुरू झाला आणि बाबाही सुरू झाले.

"आता बघ. लोक विचारतात, गाडीची हॉर्सपॉवर किती? अरे, हॉर्सपॉवर शोरूममध्ये विकतात. घाट चढवतो तो टॉर्क. पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, आणि अवघड वळणावर समोरून ट्रक आला म्हणून थांबावं लागलं. तिथून जी न कुरकुरता उठते ती गाडी."

"हे तुम्ही मागच्या आठवड्यात कट्ट्यावर बोललात."

'चारचाकी कट्टा' हा त्यांचा ग्रुप. वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे गाड्यांची परीक्षणं टाकायला सुरुवात केली होती. दहा-बारा मिनिटांचं बोलणं असायचं आणि चारशे माणसं ते ऐकायची. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर मी लोकांना चांगली पुस्तकं हातात दिली, तरी माझं चार जणांनीही सलग दहा मिनिटं ऐकलेलं नाही.

"भरवशाची गाडी कोणती?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "पंधरा दिवस उन्हात उभी राहून सोळाव्या दिवशी पहिल्या झटक्यात निघते ती. बाकी सगळं जाहिरातीत असतं."

मागून एसटी हॉर्न देत होती. मी वेग पाहिला. तेहतीस.

"बाबा, सव्वादोनशे हॉर्सपॉवरची गाडी आहे ही."

"मग?"

"मग तिला रस्ता तरी दाखवा. मागे आठ गाड्या अडकल्यात."

"त्यांना घाई आहे. आपल्याला आहे का?"

मागून आई म्हणाली, "तू नसलीस ना, की हा माणूस विमान चालवतो. परवा साताऱ्याला जाताना मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते."

मी ते मनावर घेतलं नाही. आईच्या लेखी साधा ताप हा नेहमी 'एकशे चार' असतो. बाबांनी मात्र आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि ती डबी उघडून आवळासुपारी शोधू लागली.

कराडला घराच्या फाटकात गाडी उभी राहिली तेव्हा साडेपाच झाले होते. माझ्या मांडीवर साखरपुड्याच्या लाडवांचा डबा होता आणि डोकं ठणकत होतं. आई उतरून कुलूप उघडायला गेली. बाबांनी गाडी बंद केली नाही.

"मिनिटभर बस," ते म्हणाले.

हे मिनिट आमच्या घरातलं सर्वांत जुनं भांडण. पूर्वी बाबांकडे पांढरी डिझेल गाडी होती, टर्बोची. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर भन्नाट वेगाने फिरणारा एक छोटा पंखा. घाट चढून आलं की तो लालबुंद तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केलं तर त्याचं तेल थांबतं, आतल्या आत जळतं आणि काही वर्षांत टर्बो जातो. म्हणून उतरण्याआधी मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवायची. इथपर्यंत शास्त्र ठीक होतं. पण ती डिझेल गाडी सहा वर्षांपूर्वी कायद्याने भंगारात गेली. ही नवी 'वारू' विजेवर चालते. तिला इंजिनच नाही.

"बाबा, हिला टर्बो नाही."

"माहीत आहे मला. बस जरा. कशी वाटली?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. प्रत्येक प्रवासानंतर, त्या मिनिटात. कशी वाटली गाडी? मी ठरलेलं उत्तर देत असे: ठीक. मग ते सस्पेन्शनबद्दल चार वाक्यं बोलत आणि मिनिट संपे.

"माझं डोकं दुखतंय," मी म्हणाले, दार उघडलं आणि डबा घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, दाढीचं पाणी तापत ठेवून, बाबा मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि उठले नाहीत.

* * *

ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही, आणि मलाही कधी नव्हता, त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला हवं.

आपोआप चालणाऱ्या गाड्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या सगळ्या एकसारख्या चालायच्या. नियमात, सफाईने. तरीही माणसं त्यांत बसून हैराण व्हायची. कुणाला मळमळायचं, कुणी उगाच दाराची मूठ धरून बसायचं. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा दोष गाडीत नव्हता, आपल्या कानात निघाला. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. पुढची हालचाल कशी येणार याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आणि कानाकडून आलेली बातमी त्या अंदाजाशी जुळली नाही की पोट ढवळतं. ओळखीचा माणूस चालवत असेल तर हा अंदाज आपसूक जुळतो. तो ब्रेक कुठे दाबणार हे आपल्या शरीराला आपल्याआधी कळलेलं असतं.

यावरून 'चालक-ठसा' निघाला. मालक चालवत असतो तेव्हा गाडी शिकत असते: स्टिअरिंगवरची पकड, पायाचा दाब, नजर कुठे आहे, कोणत्या सीटवर किती वजन आहे, रस्ता ओला की कोरडा. पुढे ती स्वतः चालली तरी मालकासारखी चालते. ती आवाज साठवत नाही. माणूस काय म्हणाला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्याने एखादी गोष्ट का केली हेही तिला कळत नाही. केव्हा केली, एवढंच कळतं.

बाबांनी सहा वर्षांत स्वयंचलनाचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. "मुंज माझी आणि भिक्षा दुसऱ्याने मागायची?" असं ते म्हणत. त्यामुळे गाडीकडे त्यांचा ठसा होता तो सहा वर्षांचा, भरघोस आणि अस्सल.

तेराव्यानंतर परिवहन कार्यालयाची सूचना आली. मृत चालकाचा ठसा नव्वद दिवसांपर्यंत रस्त्यावर चालेल. त्यानंतर तो पुसून गाडीत कंपनीचा सर्वसाधारण ठसा घालावा लागेल, किंवा वारसाने स्वतः चालवून नवा करावा. कारण सरळ होतं. अपघात झाला तर जबाबदार कोण? मेलेल्या माणसावर खटला भरता येत नाही.

मला गाडी चालवता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी मी ती ओगलेवाडीच्या रस्त्यावर चरात घातली, आणि खाली उतरून बाबा पहिलं वाक्य बोलले ते क्लचबद्दल. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

तेव्हा नव्वद दिवस गाडीने आम्हाला न्यायचं आणि आणायचं असं ठरलं. आई मागे, मी पुढे डावीकडे, उजवी सीट रिकामी. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गाडीत दोष आहे.

* * *

दोष असा, की ती बैलगाडीसारखी चालायची. बाबा होते तेव्हा निदान बोलणं असायचं. आता नुसता संथपणा उरला होता. मार्चमध्ये पाटणहून येताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने आम्हाला ओव्हरटेक केलं. ट्रॅक्टरवाल्याने वळून हात जोडले. कशाबद्दल ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि घरी आलं की ते मिनिट. गाडी फाटकात उभी राहायची, पण प्रवास संपला असं मानायची नाही. चालकाच्या सीटवर कोणी नसलं तर प्रवास संपेपर्यंत दारं उघडत नाहीत, असा नियम आहे. हातात दुधाच्या पिशव्या, बाहेर शेजारच्या वहिनी उभ्या राहून बघताहेत, आणि मी कुलूपबंद गाडीत पडद्यावरचे सेकंद मोजतेय. साठ झाले की खट् असा आवाज व्हायचा आणि मग दारं उघडायची.

"पुसूनच टाकते हा ठसा आजच्या आज," मी एकदा म्हणाले. "नव्वद दिवस थांबायलाच हवं असं कुठे लिहिलंय?"

"पुसायची घाई काय आहे?" आई म्हणाली.

"आई, नसलेला टर्बो थंड होण्याची वाट बघतेय ही गाडी."

"तेही बघायचेच की."

"त्यांना तरी काय कारण होतं?"

आईने आवळासुपारीची डबी माझ्यापुढे धरली.

सर्व्हिस सेंटरमध्ये तौफिक शिकलगार भेटला. तिशीतला, हातावर जुन्या भाजल्याचा डाग असलेला, शांत इंजिनियर. बाबांचं नाव सांगितल्यावर तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"पाटणकर काका? ताई, काकांची सहा वर्षांत एकोणीस तक्रारपत्रं आली होती. हाताने लिहिलेली. त्यांतल्या सतरांत त्यांचंच बरोबर होतं."

"आणि दोनांत?"

"त्या दोनांत आमचं चूक होतं, पण आम्ही मान्य केलं नव्हतं."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. परक्या माणसाशीही बाबांचं एवढं जमत असे.

मी तक्रार सांगितली. तो म्हणाला, दोष ठशात आहे की गाडीत, हे आधी ठरवायला हवं. ठशात असेल तर पुसला की गेला. गाडीत असेल तर पुसूनही राहील. तोवर पुसायच्या अर्जावर फक्त सही करून ठेवा. मी तिथेच उभ्याने सही केली आणि तारीख पुढच्या महिन्यातली घातली. नव्वद दिवसही त्याच सुमाराला भरत होते.

गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. कागदावर लिहिलं होतं: दोष आढळला नाही.

सेंटरमधून घरी येईपर्यंत गाडी पस्तीसच्या वर गेली नाही आणि फाटकात साठ सेकंद थांबली.

दुसऱ्यांदा दिली. तौफिकने स्वतः कोयनानगरपर्यंत नेऊन आणली. दोष आढळला नाही. "उलट ताई," तो जरा अवघडून म्हणाला, "भारी पळते. एक-दोन वळणांवर मीच घाबरलो. आणि थांबल्यावर लगेच बंद होते."

"मी खोटं बोलतेय का मग?"

"तसं नाही ताई."

"मला गाड्यांतलं कळत नाही, पण पस्तीस आणि सत्तर यांतला फरक कळतो."

मला वाटलं, हे अगदी बाबांसारखं झालं. आयुष्यभर त्यांनी मला वैताग दिला, आणि आता त्यांची गाडीही वैताग देतेय. तोही फक्त मला.

* * *

तिसऱ्यांदा गाडी ठेवून घेतली तेव्हा सेंटरने बदली गाडी दिली. नेमकं त्याच आठवड्यात चिपळूणला जाणं आलं. साखरपुडा झालेल्या भाचीचं केळवण होतं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी एकटीच गेले. बदली गाडीत कंपनीचा सर्वसाधारण ठसा होता. छान पळत होती. पाटण कधी मागे पडलं कळलंही नाही. मनात म्हटलं, अशी असते सुशिक्षित गाडी.

घाटाच्या चौथ्या वळणावर तोंडात आंबट पाणी जमू लागलं. सहाव्यावर मी गाडीला थांबायला सांगितलं. रस्त्याकडेच्या कठड्याला धरून, चव्वेचाळीस वर्षांची ग्रंथपाल बाई, जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या देखत भडाभडा ओकले. पिशवी नव्हती. पिशवी आमच्या गाडीत, आईच्या सीटवर होती.

गाडी लागणं मी दहाव्या वर्षी मागे टाकलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. कठड्यावर बसून तोंड पुसताना मी हिशेब लावू लागले. कराडात मी पायी फिरते. लांब जायचं तर रेल्वेने जाते. गाडीने जायचं तर बाबांबरोबर. बाबांशिवाय गाडीने मी किती वेळा गेले? सोलापूरला लग्नानंतरच्या दोन वर्षांत नवऱ्याच्या गाडीत मला सारखं मळमळायचं. पण तेव्हा त्याचं कारण गाडी आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सोलापूरहून बाबांनीच मला आणलं होतं. डिझेल गाडीने, दोन सुटकेसांसकट. मी एकतीस वर्षांची होते. ते दारात आले, माझ्या सासऱ्यांना नमस्कार केला, सुटकेसा डिकीत नीट लावल्या आणि निघाले. पाच तासांत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. काय झालं, कोण काय म्हणालं, पुढे काय करणार, काहीच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये डिझेल जास्त चांगलं का ओढतं, यावर मात्र ते मंगळवेढ्यापर्यंत बोलले. मी खिडकीबाहेर बघत होते. मनात म्हणत होते, या माणसाला लेक नकोय, श्रोता हवाय. कराडला फाटकात गाडी उभी राहिली, ते मिनिटभर थांबले आणि विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हणाले होते, "ठीक."

* * *

"ताई, तुम्ही स्वतः या," तौफिकचा फोन आला. "तुम्ही गाडीत बसा. बघू."

आम्ही निघालो. तो उजवीकडे बसला, हात मांडीवर ठेवून. मी डावीकडे. गाडी पस्तीसने चालू लागली. तौफिक पडद्याकडे बघत राहिला. सेंटरला एक चक्कर मारून परत आलो. गाडी थांबली, पण बंद झाली नाही. साठ सेकंद. मगच बंद झाली.

"आता उतरा," तो म्हणाला. मी उतरले. गाडी त्याला घेऊन गेली ती शाळेतून सुटलेल्या पोरासारखी. वळणावर टायर वाजले. परत येऊन उभी राहिली आणि तत्क्षणी बंद झाली.

मग त्याने सेंटरमधल्या एका जाड माणसाला डाव्या सीटवर बसवलं. गाडी तशीच सुसाट गेली.

तौफिकने कॉम्प्युटर उघडला. त्याने एकेक प्रवास उघडून बघितला. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"ताई, दोष नाहीये. हे दोन चालक आहेत."

"म्हणजे?"

"माणूस एकच. काकाच. पण ठसा दोन भागांत पडलाय. डाव्या सीटवर पन्नास ते साठ किलो वजन असेल तर एक आणि नसेल तर दुसरा. अठ्ठ्याहत्तर किलोचं कोणीतरी बसायचं अधूनमधून, त्यांच्याबरोबर सुसाटच."

"नाना सबनीस," मी म्हणाले. बाबांचे कट्ट्यावरचे मित्र. "आणि आई?"

"त्या मागे बसतात ना? मागच्या वजनाचा काही फरक पडत नाही."

परवा साताऱ्याला जाताना मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, असं आई म्हणाली होती. अतिशयोक्ती नव्हती ती.

"हे बघा." त्याने पडद्यावर एक रेघ दाखवली. "वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं, तो ओढा. कुणाला गाडी लागायची असेल तर ती त्यानेच लागते, आणि ब्रेकच्या झटक्याने. तुम्ही बसलेल्या असताना हा ओढा या रेघेच्या वर गेलेला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. कुंभार्लीतसुद्धा नाही. ताई, एवढं जपून आमची मशीनही चालवत नाही. आणि ही रेघ गाडीत नसते. ती काकांनी पाळलीय."

मी विचारलं, "आणि ते मिनिट?"

"तुम्ही असताना चारशे बारा प्रवास. चारशे बारा वेळा थांबलेत. तुम्ही नसताना दोन हजारांच्या वर प्रवास. एकदाही नाही. उभी केली की बंद." तो जरा हसला. "काकांना माहीत नव्हतं का हिला टर्बो नाही ते? गाडी घ्यायच्या आधी त्यांनी मला बॅटरीवर दीड तास बोलायला लावलं होतं."

माहीत आहे मला, असं ते म्हणाले होते. बस जरा.

पडद्यावर तीन ओळी वेगळ्या रंगात होत्या. मी बोट ठेवलं.

"हे तीन वेळा डावं दार आधीच उघडलं गेलं," तौफिक म्हणाला. "मिनिट पूर्ण व्हायच्या आत सीट रिकामी झाली. तरी काकांनी गाडी चालूच ठेवली होती."

शेवटची ओळ त्या रविवारची होती. संध्याकाळी पाच बत्तीस. थांबा: चार मिनिटं दहा सेकंद.

सहा वर्षांत मी तीनदाच उठून गेले होते. मला वाटत होतं, जास्त वेळा असेल.

मी विचारलं, "हा ठसा ठेवता येईल?"

तौफिकने माझ्या सहीचा कागद फाइलमधून काढला, बघितला, आणि परत ठेवला. "तुम्ही सही केली नसती तरी नव्वद दिवसांनी पुसावाच लागला असता, ताई. प्रत काढून देतो. पण ते नुसते आकडे असतील. चालणार नाहीत."

"किती दिवस राहिलेत?"

"तीन. मी शेवटच्या दिवशी संध्याकाळची वेळ टाकतो. सहा वाजता घरीच येतो. त्याआधी ऑफिसचा फोन आला तरी मी उचलणार नाही."

* * *

आईला सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?"

"तुला पुढे बसवून विमान कसं चालवतील? ओकली असतीस."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी काही लहान नाही, चालवा जोरात. आणि मग ओकली असतीस." तिने शेंगा बाजूला सारल्या. "आणि तू त्यांना विचारलंस का कधी?"

शेवटच्या दिवशी सकाळी आई बाहेर जायची साडी नेसून पायऱ्यांवर उभी राहिली. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. "मला पाटणपर्यंत जाऊन यायचंय."

"चल."

"तू नको." ती दार उघडून मागच्या सीटवर बसली. "डावी सीट रिकामी हवी."

दीड तासाने ती परत आली. गाडी फाटकात थांबली आणि लगेच बंद झाली. आईच्या अंबाड्याच्या बटा सुटल्या होत्या, चेहरा लाल झाला होता आणि हातात आवळासुपारीची डबी उघडी होती.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"अस्सेच चालवायचे," ती रागाने म्हणाली. "म्हातारे झाले तरी अक्कल नाही. मल्हारपेठेच्या वळणावर माझी अर्धी सुपारी सांडली." मग डोळे पुसून आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुपारी मी निघाले. डावीकडे बसले. कुंभार्ली, खाली उतरून शिरगाव, तिथून उलट. गाडी तेहतीसने घाट चढली. नेहमी गाडीत वाचायला घेते ते पुस्तक या वेळी मी आणलं नव्हतं. प्रत्येक वळणाआधी ती किती लवकर मंद होते, आणि वळण संपेपर्यंत कशी वाट बघते, ते मी पाहत होते. तिसऱ्या वळणावर खड्डा होता. गाडी जराशी डावीकडे सरकली आणि खड्डा माझ्याऐवजी उजव्या चाकाखालून, मागे आई बसते त्या बाजूने गेला. मला हसू आलं. मागून एसटी हॉर्न देत होती. देऊ दे, तिला वेळापत्रक आहे.

साडेपाचच्या सुमाराला फाटकात आलो. तौफिक अजून आला नव्हता. आई खिडकीत होती. तिने पडदा ओढून घेतला.

गाडी उभी राहिली. बंद झाली नाही.

समोरच्या पडद्यावर सेकंद सुरू झाले. दोन, तीन, चार. उजव्या सीटवर कोणी नव्हतं. स्टिअरिंगवरची रबराची पट्टी बाबांच्या पकडीने जिथे झिजली होती तिथे चकाकत होती. मी खूप पुस्तकं वाचली आहेत. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं. तेवीस, चोवीस. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण प्रश्न मला पाठ होता.

एकेचाळीस.

"छान चालवता तुम्ही, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "दहा वर्षांची झाल्यापासून तुमच्या गाडीत मला कधीच मळमळलं नाही. सोलापूरहून आणलंत, तेव्हासुद्धा नाही."